अर्थशास्त्राची मुलं बाजारात कधी उतरणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. मागच्या महिन्यात माझी भाची आठ दिवस आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी राहायला होती. एम.ए. इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे, प्रोजेक्ट सबमिट करायचा म्हणून शांत जागा हवी होती आणि आमची वरची खोली रिकामीच असते. विषय छान घेतलेला, शहरातले भाजीविक्रेते कर्ज कुठून घेतात. तीन दिवस पोरगी लॅपटॉपवरून उठली नाही, टेबलं काय, ग्राफ काय, रिग्रेशन काय, सगळं अगदी नीटनेटकं. चौथ्या दिवशी जेवताना मी विचारलं, किती भाजीवाल्यांशी बोललीस गं? तर म्हणाली, "एकाशीही नाही मावशी, सगळा सेकंडरी डेटा आहे, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच गोळा केलेला, गाईडनी सांगितलंय प्रायमरीत, स्वतः जाऊन विचारण्यात, पडू नकोस, त्यात फार वेळ जातो." आमच्या घराखाली रोज सकाळी आठला भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, उभी राहते हो, जिना उतरला की समोरच. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

कॉलेजचं नाव लिहीत नाही, आणि त्या गाईडनाही दोष देत नाही, त्यांच्याकडे किती मुलं असतील आणि वरून किती फॉर्म भरायचे असतील त्यांनाच ठाऊक. पण हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते, जागेप्रमाणे कापलंत तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन खंडेराव मार्केटात गेले. मेथी-कोथिंबीर घेऊन बसलेली एक बाई, पन्नाशीची असेल, सयाजीपुऱ्याच्या घाऊक बाजाराच्या यार्डातून माल घेऊन नुकतीच आलेली, जुड्या सोडून पाणी शिंपडत होती. भाचीने कागद काढला आणि गुजरातीत विचारलं, तुमची महिन्याची आवक, म्हणजे कमाई, किती? बाई हसली. म्हणाली, बेटा, महिन्याचं मला काय माहीत, तू आजचं विचार. मग आजचं विचारलं तर सगळं भराभर सांगितलं, माल केवढ्याचा, टेम्पोचे किती, परवा पाऊस आला तेव्हा किती जुड्या सडल्या, आणि पैसे कुठून आणले तेसुद्धा. पहाटे एक माणूस येतो, हातात नऊशे देतो, संध्याकाळी त्याला हजार द्यायचे. रोज. भाचीचं पेन तिथेच थांबलं, नऊशेवर शंभर आणि तेही बारा तासांचे, हे तिच्या कुठल्याच कॉलमात बसेना. मग तिने विचारलं की अहो पण २०२० पासून सरकारची स्वनिधी योजना आहे ना, लारीवाल्यांना छोटं कर्ज, व्याजात ७ टक्के सवलत, ते नाही घेतलं? बाई म्हणाली, घेतलं ना, फेडलं पण. मग परत ह्या माणसाकडून का घेता? त्यावर तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. बँकेचे पैसे एकदम येतात आणि घरात एकदम जातात, माझे मुलाच्या आजारपणात गेले, आणि हा माणूस रोज सकाळी येतो, मला पैसे रोज सकाळीच लागतात.

परत येताना रिक्षात भाची गप्प होती. न्यायमंदिराजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा म्हणाली, "मावशी, मी वाचलेल्या एकाही पेपरात हे नव्हतं."

कुठेतरी असेलही, कोणी ना कोणी लिहिलंच असेल. पण तिला ते त्या सकाळी कळलं, आणि आता ती ते जन्मभर विसरणार नाही, हे महत्त्वाचं आहे की नाही?

मी स्वतः १९८४ साली इथे बडोद्यातच एम.ए. झाले आणि मग बँकेत लागले, तीस-बत्तीस वर्षं कर्जाच्या फायली पाहिल्या. आमच्या वेळी सरांनी आम्हा बारा जणांना वाडी आणि पाणीगेट भागातल्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्ल्यांमध्ये, घरखर्चाच्या सर्व्हेला पाठवलं होतं, हातात छापील शेड्यूल, म्हणजे प्रश्नांचा तक्ता, उन्हातान्हात, चपला झिजवत. एका घरी म्हातारीला विचारलं, तेल महिन्याला किती लागतं? ती उठली, आत गेली आणि चपटी काचेची बाटली घेऊन आली, औषधाची असते तशी, तळाशी बोटभर सिंगतेल, म्हणजे शेंगदाण्याचं तेल. म्हणाली, ही भरून आणते, संपली की परत जाते, कधी चार दिवसांनी, कधी आठ. आपल्या गुजरातेत सिंगतेलाचा डबा म्हणजे काय प्रकरण आहे हे वाचकांना सांगायला नको, डब्याचा भाव वाढला की सरकारं हलतात. पण ह्या घरात डबा कधी आलाच नव्हता. आम्ही त्या बाटलीचं माप काढलं, भावाने गुणलं आणि किलोचा हिशोब मांडला, तर आमच्या घरी वडील वर्षाचे डबे भरून ठेवायचे त्यापेक्षा ती म्हातारी प्रत्येक किलोला कितीतरी जास्त पैसे देत होती. गरिबाला वस्तू महाग पडते हे मी पुस्तकात आधी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही असेन. पण बाटली हातात घेतल्यावर कळलं.

आणि त्याच पोळात एका बाईला विचारलं, तुम्ही काम करता का, तर म्हणाली, नाही, मी घरीच असते, काही करत नाही. तिच्या मांडीवर साडी होती आणि शेजारी फॉल लावायच्या वीसेक साड्यांची चळत. आम्ही 'घरकाम' असं लिहून पुढे निघालो होतो, सरांनी संध्याकाळी ते शेड्यूल पाहून आम्हाला परत पाठवलं. म्हणाले, साडीमागे किती मिळतात ते विचारा, दिवसाला किती होतात ते विचारा, मग सांगा ती काम करते की नाही. आज देशात बायकांचा कामातला सहभाग किती ह्यावर मोठमोठ्या चर्चा होतात तेव्हा मला ती चळत आठवते.

आता कोणी म्हणेल, काय आठवणी काढत बसल्या, जमाना बदलला, आता सगळा डेटा नेटवर असतो. मान्य. सरकारच्या नॅशनल सॅम्पल सर्व्हेची घरटी माहिती आज विद्यार्थी फुकट डाउनलोड करतात, आम्हाला ती स्वप्नातही नव्हती, आणि ती वापरलीच पाहिजे. पण ते सॅम्पल आलं कुठून? १९५० पासून कोणीतरी दारोदार जाऊन, ओट्यावर बसून, तेल किती मीठ किती हे विचारत आलंय म्हणून आलं ना. त्या विचारण्यात काय राहून जातं हे ज्याने स्वतः विचारलंय त्यालाच आकडा वाचताना कळतं.

आणि अर्थशास्त्राच्या ज्या विभागांची नावं आपण आज आदराने घेतो ते मोठे कशामुळे झाले, हे जरा बघा. मुंबई विद्यापीठाचा विभाग १९२१ ला सुरू झाला. आपलं बडोदा कॉलेज तेव्हा मुंबईलाच जोडलेलं होतं, म्हणजे तो एका अर्थी आपलाही वारसा आहे. तिथे वकील सर, दांतवाला सर, लकडावाला सर, ब्रह्मानंद सर अशी एका पाठोपाठ एक माणसं होऊन गेली. दांतवाला शेतीचे अभ्यासक, १९६५ मध्ये शेतमालाचे भाव सुचवणारा कृषी मूल्य आयोग निघाला तेव्हा पहिले अध्यक्ष तेच. आज शेतकरी हमीभावावर भांडतो त्याच्या मुळाशी एक वर्गात शिकवणारा प्राध्यापक आहे. लकडावाला सुरतचे, १९७७ नंतर नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, आणि पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटाने १९९३ मध्ये सांगितलं की सगळ्या देशाला एकच फूटपट्टी लावू नका, प्रत्येक राज्यातले भाव वेगळे, गरिबाची टोपली वेगळी, तेव्हा दारिद्र्यरेषाही राज्यागणिक मोजा. साधी वाटणारी गोष्ट आहे. पण केरळातल्या मजुराचा आणि बिहारमधल्या मजुराचा रुपया वेगळा हे कागदावर आणायला आयुष्यभर किमतींचा अभ्यास केलेला माणूस लागतो.

पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचं तर काय सांगावं. १९३० ची संस्था, धनंजयराव गाडगीळ पहिल्यापासून तिथे, आणि त्यांनी पहिल्यापासून सर्व्हेवर भर दिला. वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशोब, पुणे शहराचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण, गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे शेतकऱ्याला नेमकं काय मिळालं ह्याची मोजणी, हे सगळं लोकांत जाऊन केलेलं. हेच गाडगीळ १९६७ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि केंद्राने राज्यांना योजनेचा पैसा कशाच्या आधारावर वाटायचा त्याचं सूत्र त्यांच्या नावाने आलं, लोकसंख्येला इतकं वजन, मागासलेपणाला इतकं, अशी पद्धत बसली. त्याआधी कोणाची ओळख कुठे आहे त्यावरही बरंच चालायचं. मग १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ ह्यांचा दारिद्र्यावरचा अभ्यास आला. माणसाला दिवसाला २२५० कॅलरी मिळायला किती पैसे लागतात तिथून सुरुवात करून त्यांनी दाखवलं की १९६०-६१ मध्ये खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसं तेवढंही खाऊ शकत नव्हती. नुसतं दाखवून थांबले नाहीत, काम मागेल त्याला काम द्या, त्याला खर्च किती येईल, तेही मांडलं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं खडी फोडायला उतरली, पुढे १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला आणि २००५ ला देशाचा. एका अभ्यासाने हे सगळं घडलं असं मी म्हणणार नाही, रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे होते, रस्त्यावर उतरलेले शेतमजूर होते, मोर्चे होते. पण मंत्र्यापुढे टेबलावर ठेवायला आकडा होता, आणि तो आकडा शिकवणाऱ्या माणसांनी काढलेला होता.

सरकारने ऐकलं म्हणजेच प्रभाव, असंही मला वाटत नाही. आपल्या गुजरातेतलंच बघा. अहमदाबादला गुजरात युनिव्हर्सिटीत बी. आर. शेणॉय होते. १९५५ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी अर्थतज्ज्ञांच्या पॅनलच्या मसुद्यावर बाकी सगळ्यांनी सही केली, ह्यांनी एकट्याने वेगळी नोंद लिहून दिली की एवढी तूट नोटा छापून भरू नका, महागाई येईल, परकीय चलन आटेल. कोणी ऐकलं नाही, आणि १९५७ मध्ये परकीय चलनाची ओढाताण आलीच. त्यांची सगळी मतं मला पटतात असं नाही, मी बँक राष्ट्रीयीकरणानंतरच्या काळातली, खेड्यात शाखा गेल्या त्याचं मोल मी डोळ्यांनी पाहिलंय. पण नोकरीची, मानाची पर्वा न करता विद्यापीठातला एक माणूस असं लिहू शकतो ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आणि आपलं बडोदं! अहो, ह्या गावाइतका अर्थशास्त्राशी संबंध दुसऱ्या कुठल्या गावाचा असेल? दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये इथे दिवाण होते. रमेशचंद्र दत्त, ज्यांनी ब्रिटिश राज्यातल्या शेतसाऱ्याचा हिशोब जगापुढे मांडला, ते सयाजीरावांकडे नोकरीला आले आणि १९०९ मध्ये इथेच वारले. बँक ऑफ बडोदा १९०८ ची. १९१३ मध्ये महाराजांनी एका तरुणाला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं, तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कमाटीबागेतली संकल्पभूमी, जिथे त्यांनी आपल्या समाजासाठी लढायचा निश्चय केला, आपण सगळे ओळखतो, १९१७ मध्ये ह्याच गावाने त्यांना राहायला जागा दिली नाही ही लाजही आपण ओळखतो. पण एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बडोदा संस्थानाने शेतीचे तुकडे एकत्र करण्यासाठी समिती नेमली होती, तिचा अहवाल आला होता, आणि १९१८ मध्ये बाबासाहेबांनी इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या जर्नलमध्ये लेख लिहून त्या अहवालाचा पार कीस काढला. त्यांचं म्हणणं असं की जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, तिच्यावर किती हात राबतात आणि बैल-अवजारं-भांडवल किती आहे त्यावरून ठरतं, इथे जमिनीवर रिकामे हात फार झालेत, त्यांना उद्योगात काम द्या म्हणजे शेतीचा प्रश्नही सुटेल. ज्या संस्थानाने शिकवलं त्याच संस्थानाच्या अहवालावर इतकं रोखठोक लिहिलं, आणि तरी १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ छापला तो सयाजीरावांनाच कृतज्ञतेने अर्पण केला. शिष्यवृत्ती देणारा आणि घेणारा दोघंही केवढे मोठे असतील विचार करा.

पुढे १९४९ ला आपलं सयाजीराव विद्यापीठ झालं, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सही त्याच वर्षीचं. आय. जी. पटेल केंब्रिजहून परत आले ते आधी इथेच शिकवायला लागले, बडोदा कॉलेजचे प्रिन्सिपल झाले, मग रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे डायरेक्टर, आणि निवृत्तीनंतर परत बडोद्यात. १९९१ मध्ये नरसिंह रावांनी अर्थमंत्री व्हा म्हणून आधी त्यांना विचारलं होतं, ते नाही म्हणाले, मग मनमोहन सिंग आले. म्हणजे देशाच्या तिजोरीची किल्ली घ्यायला फोन आला तो बडोद्याला.

इतकं असताना आपल्या शहरातली मुलं शहराचा डेटा दिल्लीच्या साइटवरून उतरवून घेतात ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरात शिरलं, समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर, तीन-तीन दिवस माणसं गच्चीवर. नंतर सरकारने लारीवाल्याला इतके, केबिनवाल्याला, म्हणजे टपरीवाल्याला, इतके, दुकानदाराला इतके अशी मदत जाहीर केली, चांगलंच केलं. पण लारीवाल्याचं खरं नुकसान किती झालं, लारी वाहून गेली की माल, किती दिवस धंदा बंद, त्या दिवसांत उधार कोणाकडून घेतलं, शिलाई मशीन भिजलं त्या बाईचं काय, तिचं तर दुकानच नाही, हे कोणी मोजलं? शहरात अर्थशास्त्र शिकणारी शेकडो मुलं-मुली आहेत. पंधरा दिवस त्यांना शेड्यूल देऊन उतरवलं असतं तर कॉर्पोरेशनपुढे ठेवायला एक चोपडी तयार झाली असती, आणि पुढच्या पुरात तिचा उपयोग झाला असता.

माझी सूचना साधी आहे. शहरातल्या सगळ्या अर्थशास्त्र विभागांनी मिळून दर वर्षी एक घरोघरचा सर्व्हे करावा, १९ वॉर्डांतून थोडी थोडी घरं घेऊन, आणि दर वर्षी त्याच घरांत परत जावं, म्हणजे कोणाचं सुधारलं आणि कोण घसरलं ते कळेल. प्रश्न गुजरातीत, मराठीत, हिंदीत आधी बोलून बघावेत, इंग्रजीतून तर्जुमा केलेला प्रश्न समोरच्या बाईला कळत नाही आणि ती मान डोलावते, तिथेच आकडा चुकतो. ह्या कामाला मार्क द्यावेत, फुकटची हमाली ठेवू नये. रिक्षाभाडं द्यावं. मुलींना दोघी-दोघींनी पाठवावं. निघालेला अहवाल कपाटात न ठेवता तुमच्यासारख्या वर्तमानपत्रांत छापावा, कॉर्पोरेशनच्या बजेटच्या आधी. आणि शिक्षकांनीही बरोबर जावं, आमचे सर यायचे, छत्री घेऊन.

भाचीने गाईडना विनंती करून तीन आठवडे वाढवून घेतले, त्यांनी दिलेही, हे लिहायलाच हवं. आत्तापर्यंत एकतीस भाजीवाल्या झाल्यात. 'मासिक उत्पन्न' खोडून तिने 'आज' असा कॉलम केलाय आणि शेजारी 'पाऊस होता का'. रविवारी आम्ही दोघी कारेलीबागेत जाणार आहोत.

आमच्या त्या १९८३ च्या सर्व्हेच्या दोन वह्या अजून माझ्याकडे आहेत, पोळ, घर, तेल, धान्य, भाडं, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं, घरमालकांची नावं मी झाकून देईन. कुठल्याही विभागाला आज त्याच पोळांत परत जायचं असेल तर घेऊन जा, पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयात देऊन ठेवते.

आपली,
एक जुनी वाचक
दांडिया बाजार, बडोदा